पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, एचपीव्ही आणि लस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला मंडळात आरोग्यावर बोलणं झालं की "काही प्रश्न?" असं विचारल्यावर सगळ्या गप्प बसतात. खरे प्रश्न येतात ते बैठक मोडल्यावर, दारात चपला घालताना, हळू आवाजात. त्यातलेच हे प्रश्न. पुरुषांनीही वाचावेत, बरेचसे त्यांच्याबद्दलच आहेत.

एचपीव्ही म्हणजे काय?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हा एक विषाणू नाही, मोठं कुटुंब आहे. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. काहींमुळे हातापायाला साधे चामखीळ येतात. सहा आणि अकरा क्रमांकाच्या प्रकारांमुळे गुप्तांगावर चामखीळ येतात, पण त्यांचा कॅन्सर होत नाही. सोळा आणि अठरा हे खरे त्रासदायक. गर्भाशयमुखाचे, म्हणजे आपण ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो तिथले, जगभरातले सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात.

तो शरीरसंबंधातून येतो म्हणतात. म्हणजे माझ्या नवऱ्याने बाहेर काही केलं का?

चपला घालताना विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. कधी उलटाही येतो: "बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे तिचं..." वाक्य पुरं होत नाही.

रिपोर्टवरून कुणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही. हा विषाणू गुप्तांगाच्या त्वचेला त्वचा लागून पसरतो आणि इतका सर्रास आहे की शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. कळतही नाही. ना ताप, ना खाज, ना दुखणं. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे आज सापडलेला विषाणू गेल्या महिन्यातला आहे की लग्नाच्या पहिल्या वर्षातला, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत (तेव्हाचा उस्मानाबाद) जी मोठी तपासणी झाली, तिच्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी साधारण दहात एक पॉझिटिव्ह निघाली. संसारी, शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

माझं मत स्पष्ट आहे. या आजाराला "गुप्तरोग" हे लेबल लागलं की बाई तपासणीला येत नाही, आणि आली तरी रिपोर्ट घरी दाखवत नाही. विषाणूला थोपवायला औषधशास्त्राकडे उपाय आहेत, या लेबलाला नाहीत.

मग इतक्या जणींना होतो तर कॅन्सर सगळ्यांना का होत नाही?

कारण शरीर स्वतःच तो घालवतं. दहापैकी नऊ जणींमध्ये एक-दोन वर्षांत तो नाहीसा होतो. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात, आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १५ ते २० वर्षं लागतात. हा मधला काळ म्हणजे आपल्या हातातली संधी. दुसऱ्या फार थोड्या कॅन्सरमध्ये एवढी सवड मिळते.

याचा संबंध शरीरसंबंधाशी असावा असा संशय फार जुना आहे. १८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा मठातल्या नन्समध्ये हा कॅन्सर जवळपास दिसत नाही आणि विवाहित बायकांत दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं. कारण सापडायला मात्र १९८३ उजाडलं. जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने सोळा क्रमांकाचा प्रकार वेगळा काढला, पुढच्या वर्षी अठरा. त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

पाळीत कपडा वापरल्यामुळे हा कॅन्सर होतो का?

नाही. ओला, नीट न वाळलेला कपडा वापरला तर खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून तो उन्हात वाळवावा. कॅन्सरचं कारण एचपीव्ही आहे. तंबाखू आणि मिश्री मात्र सोडा. तंबाखूमुळे हा विषाणू शरीरातून जायला अडथळा होतो.

अंगावरून पांढरं जातं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. काय करू?

थांबा. सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, जमलं तर सरकारी रुग्णालयातल्या.

हे इतक्या ठामपणे सांगायला कारण आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी तिशीतल्या, काही त्याहूनही लहान. अनेकींना सांगितलं होतं ते हेच: "पिशवी सडलीय, कॅन्सर होईल." फडावर एक दिवस खाडा पडला की दंड, पाळीत आणि दुखण्यात कामाला जायची सक्ती, मुकादमाची उचल डोक्यावर. मग पिशवीच नको असं वाटायला लावणं सोपं जातं.

पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. दोन पाळ्यांच्या मध्यावर थोडं पातळ, पांढरं जाणं हा आजारच नाही. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं किंवा हिरवट जात असेल तर जंतुसंसर्ग, आणि त्यावर गोळ्या आहेत. जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे या तक्रारीवर हिरव्या रंगाचं औषधांचं किट फुकट देतात. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा लागण होत राहते.

आणि हे दुखणं अंगावर काढणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये त्याचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा किंवा लैंगिक असा कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी वहीत होतं.

पिशवी काढायची खरी गरज कधी कधी असते, नाही असं नाही. पण ती गरज तपासणीच्या कागदावर दिसायला हवी. बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, आणि ती भरपाई पुढे कुणी करून देत नाही.

कोणत्या लक्षणांवर मात्र लगेच जायचं?

संबंधानंतर रक्त जाणं. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा लाल दिसणं, अगदी एक डाग असला तरी. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव. घाण वासाचं, रक्ताळ पाणी जाणं. "पाळी परत आली, देवाची कृपा" असं म्हणत पाचेक महिने काढलेल्या बायका भेटतात. तसं करू नका.

आणि लक्षण नाही म्हणून तपासणी नको, हे उलटं गणित आहे. तपासणी ही काहीही होत नसतानाच करायची असते.

तपासणीत नेमकं काय करतात? दुखतं का?

टेबलावर पाय दुमडून झोपायचं. कमरेखाली चादर असते. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण योनिमार्गात घालून तो हलकेच उघडतात. शरीर आवळून धरलं तर दुखतं, तोंडाने लांब श्वास सोडला तर फार तर दाब जाणवतो. मग कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावतात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्याच जातीचं. थोडं चुणचुणतं. नर्सबाई घड्याळ बघून एक मिनिट थांबतात आणि उजेडात पाहतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरट दिसते. झालं. याला व्हीआयए म्हणतात आणि निकाल तिथल्या तिथे कळतो.

पॅप चाचणीत छोट्या ब्रशने पेशी घेऊन काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एचपीव्ही चाचणीत तसाच नमुना घेऊन विषाणू शोधतात. हा नमुना बाईला स्वतःलाही आडोशाला जाऊन घेता येतो, टेबलावर झोपायची गरज पडत नाही. संकोची आपल्या समाजात ही मोठी सोय आहे, आणि ती अजून गावोगाव पोहोचलेली नाही.

या तिघांपैकी चांगली कोणती?

याचं सगळ्यात भक्कम उत्तर जगाला आपल्याच मराठवाड्यातून मिळालं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने तिथे १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, भारतातली पहिली. गावात कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, याची नोंद घरोघर फिरून ठेवायची. १९९९ मध्ये बार्शी, टाटा आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. ४९७ गावं, १ लाख ३१ हजारांवर निरोगी बायका. गावांचे चार गट पाडले: एकात एकदाच एचपीव्ही चाचणी, एकात पॅप, एकात व्हीआयए, आणि चौथ्या गटात नेहमीसारखंच, म्हणजे तपासणी नाही. ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले, आणि मग आठ वर्षं सगळ्यांचा मागोवा घेतला.

एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. २००९ मध्ये हा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

पण म्हणून व्हीआयए टाकाऊ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा करून सोडलं तर फारसा उपयोग नाही, पुन्हा पुन्हा केलं तर आहे. पाळी गेल्यावर मात्र ही चाचणी तितकी भरवशाची राहत नाही, कारण जिथे बदल होतात ती जागा आत सरकते आणि नजरेला दिसत नाही.

ज्या गटाला तपासणी दिलीच नाही, त्या बायकांचं काय?

प्रश्न रास्त आहे आणि तो आंतरराष्ट्रीय पातळीवरही विचारला गेला. संशोधकांचं म्हणणं, तेव्हा या जिल्ह्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीकाकारांचं म्हणणं, तपासणीचा उपयोग होतो हे जगाला आधीच माहीत होतं, मग वाट कसली पाहिली? मला दुसरी बाजू जास्त पटते. पण त्याहून जास्त खटकतं ते पुढचं. निकाल लागला, आकडे जगभर गेले, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या वर नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू होतात, २०२२ चा अंदाज आहे हा.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आले. म्हणजे कॅन्सर झाला?

नाही. विषाणू सापडला, एवढंच. पुढे दुर्बिणीने पिशवीचं तोंड पाहतात, गरज वाटली तर तुकडा काढून तपासतात. बदल आढळले तर ती जागा गरम करून किंवा गोठवून नष्ट करतात, किंवा तारेच्या छोट्या वेढ्याने तेवढाच भाग काढतात. पहिले दोन उपचार काही मिनिटांचे असतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी शाबूत राहते.

लस कोणाला द्यायची आणि किती डोस?

शरीरसंबंध सुरू होण्याआधी दिली तर सर्वांत उपयोगी, म्हणून ९ ते १४ हे वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वावॅक ही भारतीय लस २०२२ मध्ये मंजूर झाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते आणि ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे. तिच्या परवान्यानुसार १४ वर्षांपर्यंत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ पासून तीन. परदेशी कंपनीची गार्डासिलही मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२२ च्या शेवटी सांगितलं की ९ ते २० वयात एक डोसही पुरतो. यातही भारताचा हात आहे, आणि तो अपघाताने लागला.

२००९ मध्ये बार्शी, पुणे यांसह देशातल्या नऊ केंद्रांवर दोन डोस बरे की तीन, हा अभ्यास सुरू झाला होता. १७ हजारांवर मुली सामील झाल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लशीचे सगळे अभ्यास थांबवले. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, हजारो मुलींचा एकच. संशोधकांनी या सगळ्यांचा मागोवा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की सोळा आणि अठरा क्रमांकाच्या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक डोस ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण देतो, तीन डोसांइतकंच. ज्या मुलींमध्ये प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही आहे, त्यांना मात्र एकावर भागत नाही. त्यांना दोन, शक्यतो तीन.

लस घेऊन मुली दगावल्या होत्या ना?

२०१० मधली ती बंदी त्यामुळेच आली. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एक वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता, त्यात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. त्यात विहिरीत पडणं, सर्पदंश, विषप्राशन अशी कारणं होती. पण चौकशीत दुसरं एक उघडं पडलं: कित्येक ठिकाणी आईवडिलांची संमती न घेता वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. गरीब घरच्या मुलीला विचारायची गरज नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी चांगल्या लशीचं नाव दहा-बारा वर्षं खराब करून ठेवलं.

दंड दुखणं, थोडा ताप, क्वचित चक्कर, एवढा त्रास होतो. चक्कर किशोरवयीन मुलींना सुईच्या भीतीनेही येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

पुढे मूल व्हायला अडचण येते का?

येत नाही. फक्त गरोदरपणात लस घेत नाहीत, बाळंतपणानंतर घेता येते.

"या वयात असली लस? मुलीच्या डोक्यात भलतंसलतं येईल."

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही. मुलीला एवढंच सांगा: ही कॅन्सरची लस आहे, मोठेपणी पिशवीचा कॅन्सर होऊ नये म्हणून. तिने पुढे विचारलं तर पुढचं सांगा, आणि खरं सांगा. अकरा वर्षांची मुलगी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकून असते, मैत्रिणींकडून आणि मोबाइलवरून. तुमच्याकडून ऐकलेलं त्यातल्या त्यात बरोबर असेल.

मुलांना कशाला?

पुरुषांनाही एचपीव्हीमुळे घशाचा, लिंगाचा, गुदद्वाराचा कॅन्सर होतो, आणि विषाणू पसरवण्यात दोघंही असतात. पैसे एकाच लशीपुरते असतील तर आधी मुलीला द्या.

कंडोम वापरला तर एचपीव्ही होत नाही का?

शक्यता कमी होते, पूर्ण टळत नाही, कारण कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरूनही तो पसरतो. पण एचआयव्ही, गरमी, परमा यांच्यापासून कंडोम चांगलं संरक्षण देतो, तेव्हा वापराच.

मला एचआयव्ही आहे. माझ्यासाठी वेगळं काही?

हो. तुमच्यात या कॅन्सरचा धोका सहापट असतो आणि पेशींमधले बदलही वेगाने होतात, म्हणून तपासणी पंचविशीपासून आणि जास्त वेळा. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, विषय तुम्हीच काढा. एचआयव्हीबद्दल कुठलीही शंका असेल तर १०९७ हा फुकट हेल्पलाइन नंबर आहे, मराठीतही बोलतात.

नवरा जाऊन दहा वर्षं झाली. आता कशाला तपासणी?

वर सांगितलं तसं, विषाणू आणि कॅन्सर यांत पंधरा-वीस वर्षांचं अंतर असतं. विधवा, परित्यक्ता, नसबंदी झालेल्या, सगळ्यांनी करावी. लस घेतलेल्यांनीही, कारण लस सगळे प्रकार रोखत नाही. कधीच शरीरसंबंध न आलेल्या बाईला गरज पडत नाही. पिशवी काढली असेल तर तोंडासकट काढली का, हे कागद दाखवून विचारून घ्या.

कुठे जायचं, खर्च किती?

तिशीनंतर दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आरोग्य मंदिरात विचारा, आशाताईंना तो दिवस माहीत असतो. त्या तिशीपुढच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात, त्यात हेही प्रश्न असतात. ते घाईत "नाही, नाही" करून उरकू देऊ नका. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात.

सासूबाई अजिबात तयार नाहीत. कसं न्यायचं?

"कॅन्सरची तपासणी" म्हणू नका, "पिशवीच्या तोंडाची तपासणी" म्हणा. बीपी-शुगर करायला जाऊ तेव्हाच तेही करू, असं सुचवा, आणि तुमचीही त्याच दिवशी करून घ्या, आधी तुम्ही टेबलावर जा. नर्सबाईच तपासणार आहेत ना हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, बऱ्याच जणींचं अडतं ते तिथेच. पाळी चालू नसताना जायचं. दोन दिवस आधीपासून योनीत औषध घालायचं नाही, संबंधही टाळायचा. साडी किंवा गाऊन बरा पडतो, सलवार काढावी लागते.